जशी चालते तशी आन

त्यांच्या दुकानात चपला काढून जावं लागायचं, आपण विहारात किंवा देवळात जाताना काढतो तशा. दुकान गाड्यांच्या चाकांचं अलाइनमेंट करण्याचं होतं, मंगरूळपीरहून कारंज्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. वर टिनाचं छप्पर, तीन बाजूंनी भिंती, समोरची बाजू उघडी. आत फक्त एक फरशी होती, एका वेळी एकच गाडी उभी राहील एवढी. ती फरशी त्यांनी स्वतः घातली होती. दर सोमवारी सकाळी ते पाण्याची पारदर्शक नळी घेऊन फरशीचे चारही कोपरे एका पातळीत आहेत का ते तपासत. एखाद्या कोपऱ्यात पाणी केसभर वर दिसलं, की त्यांचा तो दिवस वाईट जायचा.

मी त्यांच्याबद्दल लिहावं इतकी माझी त्यांच्याशी ओळख होती का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी सगळं मिळून दहा-बारा वेळा तिथे गेले असेन. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. लिहिण्याची सवय आहे ती परीक्षेच्या उत्तरांपुरती. पण एवढ्यात त्या जागेवरून गेले. तिथे आता प्लास्टिकच्या खुर्च्यांचं दुकान आहे. आत शिरताना मी नकळत चपला काढल्या. दुकानदार म्हणाला, "असू द्या ताई, या तशाच." मी परत घातल्या, पण फरशीवर चालताना अवघड वाटत होतं. घरी आल्यावर वाटलं, जेवढं आठवतं तेवढं लिहून ठेवावं.

लोक त्यांना दोरीवाले काका म्हणत. त्यांच्याकडे संगणकाचं यंत्र होतं, पडद्यावर आकडे दाखवणारं. ते त्यांच्या जावयाने आग्रहाने आणून दिलं होतं. काका ते वापरायचे, पण सगळ्यात शेवटी. आधी ते गाडीच्या दोन्ही बाजूंना सुती दोऱ्या ताणून बांधत आणि पोलादी पट्टीने दोरीपासून चाकाचं अंतर मोजत. मोजताना श्वास रोखून धरायचे. गिऱ्हाइकानेही बोलायचं नाही, खोकायचं नाही, फोन आला तर बाहेर जायचं. सगळं झालं की यंत्र लावायचे आणि हिरव्या आकड्यांचा कागद काढून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. म्हणायचे, "हा कागद चारचौघात दाखवाले ठेव. गाडीले नको दाखवू, तिले वाचता येत नाई."

त्यांचा स्वतःचा चष्मा नाकावर तिरपा बसायचा. त्यावरून त्यांना कोणी छेडलं की ते शांतपणे सांगत, "चश्मा सरळच हाय. नाक वाकडं हाय."

दुकानामागेच घर होतं. काकू पाण्याचा तांब्या घेऊन येत आणि फरशीच्या कडेलाच थांबत. त्यांनाही फरशीवर चपला घालून यायची परवानगी नव्हती. एकदा त्या मला म्हणाल्या, "घरात पलंगसुदिक भिंतीच्या रेषेत लागते त्याईले. तीस वर्सं झाले पोरी, सारे वाकडे यांच्याकडं येऊन सरळ होऊन जाते. ह्या मानसाले कोन सरळ करन?" काका आतून म्हणाले, "ऐकू येऊन राह्यलं मले." काकू म्हणाल्या, "म्हनून त बोलली."

टायरवर ते डोळ्यांआधी हात फिरवत. तळवा बाहेरून आत न्यायचा, मग आतून बाहेर. चाकाचं तोंड चुकीच्या दिशेला असलं की रबर एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने खरखरीत लागतं. त्यांनी मला एकदा हात फिरवून पाहायला लावलं होतं. "मांजरीवानी हाय," ते म्हणाले. "उलटा हात फिरवला की समजते."

त्यांच्या कामाची एक पद्धत होती, आणि तिच्यामुळे बरेच लोक चिडून परत जात. ते रिकाम्या गाडीचं अलाइनमेंट करत नसत. गाडीत रोज जे भरलं जातं ते भरून आणायचं, आणि रोज जो चालवतो त्याने स्टिअरिंगसमोर बसायचं. मगच दोरी ताणली जाई. विशेषतः ज्या पिकअपला मागच्या चाकांजवळ हवेचे रबरी फुगे बसवलेले असत, त्यांच्याबाबतीत ते अजिबात ऐकायचे नाहीत. फुग्यांत हवा कमी-जास्त झाली की गाडीची मागची उंची बदलते, आणि मागची बदलली की पुढच्या चाकांचं मापही हलतं. हे मला नंतर पुस्तकातून नीट कळलं. ते एवढंच म्हणायचे, "जशी चालते तशी आन."

लोक मात्र गाडी धुऊनपुसून, रिकामी करून, हवा टम्म भरून आणत. अशा गाडीकडे ते बघतही नसत. "पोरगी पाह्याले बलावलं का मले? पावडर लावून आनली ते?" असं म्हणून परत पाठवत.

रिठदचा एक माणूस होता. त्याची पटाची बैलजोडी होती, शर्यतीची. बैलांना गचके बसू नयेत म्हणून त्याने पिकअपला फुगे बसवून घेतले होते. काकांनी त्याला सांगितलं, बैल घेऊन ये. त्याला वाटलं, थट्टा आहे. दोनदा परत पाठवल्यावर तो खरंच दोन्ही बैल गाडीत चढवून आला. गाडी फरशीवर उभी राहिली, काकांनी दोरी ताणली, आणि एका बैलाने शेण टाकलं. ते फळ्यांच्या फटीतून थेट त्या फरशीवर. रिठदचा माणूस घाबरला. काकांनी दोरी तशीच ताणलेली ठेवली, फडक्याने शेण काढलं, पाण्याने जागा पुसली आणि पुन्हा मोजायला बसले.

तो म्हणाला, "काका, मी चपला घालून आलो असतो त तुमी मले हाकललं असतं."

"त्याले सांगून समजत नाई," काका म्हणाले. "तुले समजते असं मी धरून चाललो होतो."

हा माणूस पुढे एकदा पुन्हा येईल. तोपर्यंत माझ्या बाबांबद्दल सांगावं लागेल.

आमचं गाव धनजच्या बाजूला. बाबा पिकअप चालवायचे. अकोल्याच्या एका व्यापाऱ्याकडून खिडक्यांच्या काचा आणि आरसे उचलून कारंजा, मंगरूळपीर, वाशिम इथल्या दुकानांत पोचवायचे. काचेचा माल म्हणजे रस्त्याचा प्रत्येक खड्डा हिशोबात धरायचा. आधी काचा फुटत. मग त्या व्यापाऱ्याच्या सांगण्यावरून गाडीला मागे हवेचे फुगे बसवले आणि फुटणं जवळजवळ थांबलं. गाडी आता पाण्यावर चालल्यासारखी चालते, असं बाबा सगळ्यांना सांगायचे. मंगरूळपीरला माझं कॉलेज असल्यामुळे ज्या दिवशी त्यांची त्या बाजूची फेरी असे त्या दिवशी मी त्यांच्यासोबत जायचे. बाकीचे दिवस एसटी.

काही महिन्यांनी गाडी डावीकडे ओढायला लागली. समोरचं डावं टायर आतल्या बाजूने झिजलं. बाबांनी एका मोठ्या शहरात दोनदा अलाइनमेंट करून आणलं, दोन्ही वेळा हिरवा कागद मिळाला, आणि दोन्ही वेळा आठवड्याभरात गाडी पुन्हा डावीकडे. शेवटी कोणीतरी दोरीवाल्या काकांचं नाव सांगितलं.

पहिल्यांदा बाबांनीही तेच केलं. रविवारी विहारासमोरच्या नळावर गाडी धुतली, रिकामी नेली, परत आणली. दुसऱ्यांदा काचा भरलेली, धुळीने माखलेली गाडी घेऊन आम्ही सकाळी आठला पोचलो. एप्रिल होता. माझा शेवटचा पेपर आदल्याच दिवशी झाला होता. ग्रंथालयाची पुस्तकं परत करायची म्हणून मी सोबत होते.

काकांनी गाडी फरशीवर घ्यायला लावली. मागच्या दोन्ही कोपऱ्यांना ओळंबे टांगले, खाली खडूने खुणा केल्या आणि ते वर्तमानपत्र वाचत बसले.

अर्ध्या तासाने बाबांनी विचारलं, "भाऊ, सुरू कराचं ना?"

"सुरू हाय."

"काय सुरू हाय?"

"बसून राह्यली ते. बसू द्या तिले."

बाबा माझ्याकडे पाहून हसले. मी पुस्तकं देऊन आले तरी गाडी तशीच उभी, काका तसेच बसलेले. बाराच्या सुमारास ते उठले. गाडीचा मागचा डावा कोपरा दोन बोटं खाली आला होता. त्यांनी साबणाचं पाणी करून डाव्या फुग्याच्या नळीवर टाकलं. जोडावर बारीक बुडबुडे आले.

"रोज सकाळी हवा भरता?" त्यांनी विचारलं.

बाबा म्हणाले, "डाव्यात भरतो थोडीशी."

"म्हनजे सकाळी गाडी एक अन दुपारी दुसरीच. मंग सांगितलं काहून नाई?"

"विचारलं नाई कोनं."

काकांनी जोड बदलला, दोन्ही फुग्यांत हवा भरली, आणि समोरच्या चाकांना जोडणारे दांडे सैल केले. आता चालवणाऱ्याने बसायचं आणि दोरी ताणायची, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात बाबांचा फोन वाजला.

इथे त्या दुकानाची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. रस्ता आणि फरशी यांच्यामध्ये नाली होती आणि नालीवर लोखंडी पत्रा टाकलेला होता, दीड पावलाचा. फरशीवर धूळ येऊ नये म्हणून चपला पत्र्याच्या पलीकडे, रस्त्याच्या बाजूला काढायच्या. उन्हाळ्यात दुपारी तो पत्रा तव्यासारखा तापे. येणारा माणूस चपला काढून, लुंगी किंवा पँट धरून, पत्र्यावरून उडी मारून आत यायचा. पाय टेकला तर "आई गं" म्हणून नाचायचा. काकांना ही गंमत आवडायची, असा माझा संशय आहे. शेजारचा सिमेंटवाला त्यांना म्हणायचा, त्यावर गोणपाट तरी टाका. ते म्हणायचे, "गोनपाट टाकलं की लोक त्याच्यावर पाय पुसत बसते. सारी माती तठीच साचते."

आत फोनवर बोलायचं नाही, म्हणून बाबा अनवाणीच बाहेर गेले आणि पत्र्यावर उभे राहिले. अकोल्याचा व्यापारी माल कुठवर आला ते विचारत होता. बाबा त्याला समजावत होते. ऊन डोक्यावर होतं. ते एका पायावरून दुसऱ्या पायावरही गेले नाहीत. सावलीत उभं राहिल्यासारखे उभे होते, हसून बोलत होते.

काकांच्या हातात दोरीचं टोक होतं. ते बाबांच्या पायांकडे बघत होते. मीही बघत होते. मग त्यांनी दोरी खाली ठेवली, जाऊन बाबांच्या दंडाला धरलं आणि त्यांना आत ओढून आणलं. बाबांना वाटलं, गाडीत काहीतरी दाखवायचं आहे. त्यांनी फोन ठेवला.

"बसा," काका म्हणाले. "पाय दाखवा."

"पाय? कायले?"

"दाखवा त."

दोन्ही तळवे पांढरट पडले होते, कडेने लाल. बाबांनीच वाकून पाहिलं आणि त्यांनाही नवल वाटलं. मग हसले. "काई नाई होत भाऊ. वावरात वाढलो. कातडं जाड हाय आपलं."

"गरम लागलं?"

"लागलं न थोडं."

"कवापासून लागत नाई?"

बाबांनी पाय खाली घेतले. काका माझ्याकडे वळले. "तुले मालूम होतं?"

मला माहीत होतं. हिवाळ्यात एक दिवस सकाळी बाबांच्या डाव्या पायातली चप्पल अंगणातच निघून पडली होती आणि ते तसेच एकाच पायात चप्पल घालून गाडीत बसून कारंज्याला गेले होते. त्यांना संध्याकाळपर्यंत कळलं नव्हतं. मी ती चप्पल उचलून दाराजवळ ठेवली. आईला सांगितलं नाही. त्यानंतर दोनदा मी सोबत असताना त्यांनी ब्रेक इतक्या जोरात मारला की मागच्या काचा वाजल्या होत्या, आणि एकदा इतका हळू, की आम्ही पुढच्या ट्रॅक्टरला लागता लागता राहिलो. मी खिडकीबाहेर बघत बसले. माझं कॉलेज त्या गाडीवर चाललेलं होतं. बाबा गाडीवरून उतरले तर मीही उतरणार, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

मी म्हणाले, "हो."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

काका त्यांना म्हणाले, "ब्रेकवर पाय किती पडला, हे समजते का तुमाले?"

"वीस वर्सं झाले गाडी चालवून राह्यलो मी."

"मी वीस वर्साचं नाई विचारलं. आजचं विचारलं."

"तुमी गाडीचं पाहा भाऊ. माह्या पायाचं मी पाहीन."

"गाडीचंच पाहून राह्यलो." काका दोरी गुंडाळायला लागले. "चालोनारा बसल्याबिगर मी दोरी तानत नाई. अन चालोनारा अठी हाजर नाई."

"म्हनजे? मी काय मेलो काय?"

काकांनी दोरीची नीट गुंडी करून ती खिळ्याला अडकवली. समोरचे दांडे सैल होते. तशा अवस्थेत गाडी रस्त्यावर नेता येत नव्हती. बाबा बरंच बोलले. लोक जमले. सिमेंटवाल्यानेही मध्यस्थी केली. काकांनी वर्तमानपत्र उघडलं. संध्याकाळी व्यापाऱ्याची दुसरी गाडी येऊन काचा घेऊन गेली आणि आम्ही एसटीने घरी आलो.

बसमध्ये बाबा एवढंच बोलले, "चार लोकात इज्जत काढली त्यानं." आणि गाव जवळ आल्यावर, "तू व्हय म्हनाले नोतं पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी दोन्ही तळव्यांना मोठे फोड आले. ते दुखत नव्हते, आणि आईला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली. वाशिमच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर बरीच वाढलेली होती आणि बरीच वर्षं असावी, असं ते म्हणाले. पायांच्या नसा गेल्या होत्या, त्या परत येणार नव्हत्या. पाय वाचवायचे तर रोज बघायचे, अनवाणी कधीही चालायचं नाही, अगदी घरातही नाही. गाडीबद्दल बाबांनी स्वतःहून विचारलं. डॉक्टर म्हणाले, नाही.

या सगळ्यात नऊ दिवस गेले. नऊ दिवस आमची गाडी त्या फरशीवर उभी होती. तिथे एकच गाडी मावते, हे मी आधी सांगितलं आहे. म्हणजे नऊ दिवस त्यांनी दुसरं कोणतंही काम घेतलं नाही. दांडे आवळून आमची गाडी बाजूला ढकलून ठेवणं त्यांना सहज जमलं असतं. सिमेंटवाल्याने तसं सुचवलंही होतं. ते म्हणाले, "हलवली की पहिल्यापासून बसवा लागन." हा त्यांचा हट्ट होता की आणखी काही, मला माहीत नाही. मी त्यांना विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यांनी गाडीबद्दलच काहीतरी सांगितलं असतं. त्या दिवसांत मी अधूनमधून गाडी बघायला जायचे, तेव्हा काकू मात्र मला म्हणाल्या, "हे रोज सकाळी उठून तुमच्या गाडीखालची फरशी पुसते. खानं एक वेळ इसरते, पन ते नाई."

त्याच दिवसांत रिठदचा बैलवाला आला होता. पट तोंडावर आला होता आणि त्याची गाडी उजवीकडे ओढत होती. तो रस्त्यावरूनच ओरडला, "काका, ही बिनाधन्याची गाडी काढा न बाजूले! माहे बैल उन्हात उभे हाय!"

"सावलीत बांध," काका म्हणाले.

तो दुसरीकडे गेला.

दहाव्या दिवशी माझे मामा आले. ते रिसोड तालुक्यात ट्रॅक्टर चालवायचे. गाडी आता ते चालवणार, असं आईने ठरवलं होतं. पायांना पट्ट्या होत्या, तरी बाबा आमच्यासोबत मंगरूळपीरला आले. का आले ते त्यांनी सांगितलं नाही. दुकानासमोर ऑटोतून उतरले आणि रस्त्याच्या कडेला, दुसरीकडे तोंड करून उभे राहिले.

काचा नव्हत्या, म्हणून काकांनी शेजारून तेवढ्या वजनाची सिमेंटची पोती आणून गाडीत चढवून ठेवली होती. मामा चपला काढून आत गेले आणि स्टिअरिंगसमोर बसले. काकांनी दोरी काढली. मग ते बाहेर आले.

"तुमी कोठी चालले?" त्यांनी बाबांना विचारलं.

"मी कोठी जातो? उभा हाय."

"या आत. डाव्या बाजूले बसा."

"मी कायले? चालोनारा भेटला न तुमाले."

"ह्याले दुकानं मालूम हाय का? काच कोनत्या अंगावर उभी ठेवाची, कोन्या पुलावर गाडी हळू घ्याची, हे मालूम हाय का?"

आतून मामा म्हणाले, "मले काईच मालूम नाई भाऊजी. मी आजलोक नांगर वढला."

"शिकन हळूहळू," बाबा म्हणाले. "मी आता घरीच हाय."

"घरी असान त मंग मी लावत नाई," काका म्हणाले. "जशी चालनार तशीच लावतो मी. दोन मानसं त दोन मानसं. एकाच मानसाची असन त तुमी ही गाडी दुसरीकडं घेऊन जा."

बाबा पत्र्याजवळ आले आणि चपला काढायला वाकले.

"घालून या," काका म्हणाले.

त्यांच्या फरशीवर चपला घालून गेलेला मी पाहिलेला तो एकमेव माणूस. बाबा आत गेल्यावर सिमेंटवाला म्हणाला, "वा काका! आमी काय पाप केलं?"

"तुले चटका लागते का नाई?"

"लागते न बाप्पा."

"मंग काढ."

त्या दिवशी त्यांनी दोन तास लावले. बाबा डाव्या सीटवर, मामा उजव्या. कोणी बोललं नाही, कोणी खोकलं नाही. दोन्ही बाजूंना दोऱ्या ताणलेल्या होत्या आणि काका जमिनीलगत वाकून एका चाकाकडून दुसऱ्याकडे सरकत होते. शेवटी त्यांनी दांडे आवळले, यंत्र लावलं, हिरवा कागद काढला आणि तो मामांना न देता डाव्या खिडकीतून बाबांच्या हातात दिला.

"एक गोष्ट ध्यानात ठेवा," ते म्हणाले. "ही तुमच्या वजनावर लावली हाय. डावी सीट रिकामी गेली त गाडी उजवीकडं वढन. मंग माह्याकडं बोंबलत येऊ नका."

बाबांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. "सुरू कर," ते मामांना म्हणाले.

त्यानंतर गाडी बाबांशिवाय कुठे गेली नाही. पायांच्या पट्ट्या निघाल्या, औषधं सुरू राहिली. बाबा सकाळी मामांच्या आधी गाडीत जाऊन बसायचे. एकदा ताप होता म्हणून आईने त्यांना अडवलं, तर ते तापात उठून बसले. "मी नसलो त गाडी टायर खान," म्हणाले. मामांना दुकानं कळली, पूल कळले, काच कशी उभी करायची तेही कळलं. बाबा तरी खिडकीतून हात काढून वळणं दाखवत राहिले. माझं कॉलेज सुरू राहिलं.

काका पुढच्याच वर्षी दुकान बंद करून अमरावतीला मुलीकडे राहायला गेले. डोळ्यांचं काम करून घ्यायचं होतं म्हणे. त्याआधी मी त्यांना एकदाच भेटले. सोमवार होता. मामांनी गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली होती आणि मी, जुन्या जोडाचं काहीतरी विचारायचं निमित्त करून, चपला काढून आत गेले. ते फरशीच्या एका कोपऱ्यात उकिडवे बसून नळीतलं पाणी स्थिर होण्याची वाट बघत होते.

मी विचारलं, "काका, डावी सीट रिकामी राहिली तर गाडी खरंच ओढते का?"

ते पाण्याकडेच बघत होते. "तू शास्त्र शिकतं न कॉलेजात?"

"हो."

"मंग तुह्यं शास्त्र काय म्हनते?"

मी जरा विचार केला. उत्तर चुकेल की काय अशी भीती वाटत होती. "टनभर माल भरल्यावर एका माणसाच्या वजनाने एवढा फरक नाही पडत. हाताला जाणवेल इतका तर नाहीच."

"बरोबर हाय," ते म्हणाले. "जाय, सांग तुह्या बापाले."

नळीतलं पाणी थांबलं होतं. त्यांनी खडूने भिंतीवर खूण केली आणि दुसऱ्या कोपऱ्याकडे गेले. माझ्याकडे त्यांनी परत पाहिलं नाही.

मी बाहेर आले. बाबा मला मधे बसता यावं म्हणून खाली उतरून दार धरून उभे होते. मी चढले. ते माझ्यामागून चढले, दार ओढून घेतलं, कडी लागली का ते दोनदा पाहिलं.

"काय म्हने?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले.

बाबांनी खिडकीतून मागच्या चाकाकडे पाहिलं, मग समोरच्या. मग मामांना म्हणाले, "घे आता. सरळ हाय."